खोकून बंद पडली की चूप झाली?

वैजयंतीने देवमन मिस्त्रींना पहिल्यांदा नीट पाहिलं ते स्वतःच्या लग्नाच्या दिवशी, भर रस्त्यात. कारंज्याला लग्न लागलं, जेवणं उरकली आणि दुपारी चारच्या सुमारास नवरीला घेऊन पांढरी अॅम्बॅसिडर सासरी, जऊळक्याकडे निघाली. शेलूबाजार यायच्या आत ती बंद पडली. मागच्या जीपमधून पाच-सहा जण उतरले, बॉनेट उघडलं गेलं आणि जो तो आपलं मत सांगू लागला. कोणी म्हणे बॅटरी, कोणी म्हणे पेट्रोलात पाणी. एकाने नवरीचा पायगुणही सुचवून पाहिला. हळू आवाजातच, पण तिला ऐकू जाईल इतपत.

त्या घोळक्यात एक माणूस सामील झाला नव्हता. पांढरा बुशशर्ट घातलेला, सडपातळ, पन्नाशीच्या आतला. तो खिडकीशी आला, वाकला आणि नवरीला म्हणाला, "बाई, तुमी अंदर बसल्या होत्या. बंद पडाच्या आंधी गाडी खोकली का एकदम चूप झाली?"

त्या दिवशी पहाटेपासून वैजयंतीला कोणी काही विचारलं नव्हतं. ऊठ, बस, वाक, पाया पड, एवढंच सगळे सांगत होते. तिने आठवून पाहिलं आणि म्हणाली, "खोकली. तीनदा झटके दिले, मग थांबली."

"आन त्याच्या आंधी?"

"आधी चढावर दमल्यासारखी झाली होती."

एवढं ऐकून तो माणूस बॉनेटकडे गेलाच नाही. गाडीच्या मागे गेला. सजावट करणाऱ्या पोरांनी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर जरीचा कागद लावून तो चिकटपट्टीने पक्का केला होता. झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असतं, ते बुजलं होतं. त्याने पट्टी सोलून काढली, झाकण फिरवलं, आत हवा शिरल्याचा आवाज आला आणि दोन मिनिटांत गाडी सुरू झाली. बॉनेटभोवतीची मंडळी अजून बॅटरीवरच होती.

"सापडलं कसं रे, देवमन?" सासऱ्यांनी विचारलं.

"नवरीनं सांगतलं म्हून सापडलं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. पायगुणाचा विषय तिथेच संपला.

देवमन मिस्त्रींचं दुकान शिरपूर जैनला बसस्टँडच्या मागे आहे. दुकान म्हणजे तीन बाजूंनी पत्रे, पुढे कडुनिंब आणि आत एक लोखंडी टेबल. दहावी झाल्यावर त्यांनी दोन वर्षं एसटीच्या नोकरीची वाट पाहिली, ती काही आली नाही. मग अकोल्याला मदनसिंग नावाच्या ट्रक मिस्त्रीच्या हाताखाली ते राहिले. मदनसिंगांनी त्यांना पाने धरायला शिकवलं, पण विचारायला शिकवलं ते मालेगावच्या सरकारी दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी. देवमनच्या आईच्या पोटात दुखत होतं. डॉक्टरांनी तिला हात लावायच्या आधी अर्धा तास नुसतं विचारलं. काय खाल्लं, कधी दुखतं, चालताना की निजल्यावर. घरी परतताना देवमनच्या मनात आलं, की गाडी बोलत नाही, पण गाडीत बसणारा तर बोलतो.

तेव्हापासून त्यांची रीत ठरली ती आजतागायत. गाडी आली की ते आधी तेलाच्या पालथ्या डब्यावर बसतात आणि गाडीवाल्याला दुसऱ्या डब्यावर बसवतात. कुठे बंद पडली, कशी बंद पडली आणि त्याआधी तिला कोणाकोणाचा हात लागला, हे तीन प्रश्न झाल्याशिवाय पान्याला हात नाही. घाईचा माणूस असला तर त्याला ते सरळ म्हणतात, "मंग पुढच्या दुकानात पाहा, तिथं लवकर खोलतात." यात त्यांची कितीतरी गिऱ्हाइकं गेली. चहा पिण्यातही फार वेळ घालवतात, आणि एकदा रुसले की चार दिवस बोलत नाहीत. पण बिघाड सापडला की तो गाडीवाल्याला दाखवल्याशिवाय गाडी देत नाहीत. खराब झालेला भाग, मग तो करंगळीच्या नखाएवढा का असेना, मालकाच्या तळहातावर ठेवतात आणि समजावून सांगतात. "ज्याची गाडी त्याले समजलं पाह्यजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

वैजयंतीचे सासरे शालिग्राम यांनी ती अॅम्बॅसिडर सत्त्याऐंशी साली अकोल्याच्या एका वकिलांकडून जुनी घेतली, तेव्हापासून तिची देखभाल देवमनकडेच. गाडीच्या निमित्ताने दोघांची मैत्री झाली. देवमन आले की ओसरीवर चहा व्हायचा. त्या काळी त्यांचा कप वेगळा ठेवलेला असे, निळ्या काठाचा, खिडकीच्या वर. वैजयंती घरात आल्यावर दुसऱ्या वर्षी तिने तो कप खाली काढून घासला आणि सगळ्या कपांत मिसळून टाकला. देवमनच्या लक्षात आलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी चहा नेहमीपेक्षा लवकर संपवला आणि जाताना म्हणाले, "सूनबाई, साखर बरोबर होती."

शालिग्राम गेले त्याला आता दोन वर्षं झाली. गाडीच्या कागदावर वैजयंतीच्या सासूबाईंचं, रंगूबाईंचं, नाव लागलं. चालवायचा मात्र वैजयंतीचा नवरा, भागवत. आणि चालवायची ती एकाच कामासाठी. रंगूबाईंची धाकटी बहीण दुर्गाबाई कामरगावला असते. तीन वर्षांपूर्वी पडल्यापासून ती अंथरुणाला खिळलेली आहे. रंगूबाईंचा स्वतःचा उजवा गुडघा वाकत नाही. एसटीची पायरी त्यांना चढवत नाही, ऑटोत पाय मावत नाही. पुतण्याच्या नव्या गाडीत बसवून पाहिलं तर दारातच अडकल्या आणि सगळ्या गल्लीसमोर उलट्या बाहेर काढाव्या लागल्या. अॅम्बॅसिडरचं मागचं दार रुंद, सीट उंच आणि सलग. तिच्यावर पाय लांब करून आडवं बसलं की दोन तासांचा रस्ता त्या सहज काढत. महिन्यातून एकदा बहिणीकडे जायचं, दिवसभर बसायचं, तिची वेणी घालायची आणि परत यायचं. ती गाडी नसेल तर दोघी बहिणींची भेट नाही, इतकं ते साधं होतं.

यंदा पोळ्यानंतर पहिल्यांदा निघाले आणि मालेगावच्या अलीकडे गाडी बंद पडली. वाशीमहून एक मिस्त्री आला, त्याने काहीतरी घासलं, गाडी सुरू झाली. तिथूनच मागे फिरले, तर वाटेत पुन्हा बंद. दुसऱ्या मिस्त्रीने कॉइल बदलली, नवी बॅटरी बसवली. आठ दिवसांनी पुन्हा निघाले तर पुन्हा तेच. तिसऱ्याने कार्ब्युरेटर उघडून साफ केला आणि पैज लावल्यासारखा म्हणाला, आता दिल्लीपर्यंत जा. गाडी मालेगावपर्यंतही गेली नाही. रंगूबाई चारदा रस्त्यावर उन्हात बसल्या आणि तीनदा ट्रॅक्टरच्या मागे बांधून घरी आल्या.

भागवत वैतागला. त्याच सुमारास महामार्गावरच्या एका ढाबेवाल्याने गाडीला मागणी घातली. त्याला ती दारात उभी करायची होती, लोकांना फोटो काढायला.

"त्याले चालती नाही पाह्यजे, निरी दिसाले पाह्यजे," भागवत आईला म्हणाला. "सोमवारी क्रेन घेऊन येतो म्हणते. मी हो म्हटलं."

रंगूबाई तांदूळ निवडत होत्या. "आन मी दुर्गीकडे कशी जाऊ? ढाब्यावर बसून फोटो पाठवू का तिले?"

"आई, रस्त्यात तुले काही झालं तर मी काय करू?"

त्याचंही चूक नव्हतं. शेवटी त्याने कबूल केलं, की रविवारी गाडी कामरगावला जाऊन परत आली तर ठेवू, नाहीतर सोमवारी ती जाईल. तो दिवस शुक्रवार होता.

"देवमनकाकांना बोलवू," वैजयंती म्हणाली.

"त्याले आता उजव्या कानानं ऐकू येत नाही," भागवत म्हणाला. "कानानंच दुरुस्ती करणारा माणूस. काय ऐकणार तो?"

वैजयंती त्याच दुपारी बसने शिरपूरला गेली. देवमन मिस्त्री कडुनिंबाखाली पेपर वाचत होते, चष्म्याची काडी सुतळीने बांधलेली. तिने सगळं सांगितलं, आणि कानाचंही, कारण त्यांच्यापाशी काही लपवायची तिला सवय नव्हती. ते हसले.

"भागवतले सांगजो, मी कानानं कवाच दुरुस्ती केली नाही. ते लोकायनं उठवलेलं. मी तोंडानं करतो." मग तिला डब्यावर बसवलं. "खोकून बंद पडली का चूप झाली?"

"चारही वेळा चूप झाली. एकदम."

"म्हंजे पेट्रोल नाही. ठिणगीचं काम हाये. उद्या येतो मी."

शनिवारी सकाळच्या बसने ते आले. खांद्याला पिशवी, तिच्यात चार पाने, एक टेस्टर आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले जुन्या पोस्टकार्डाचे तुकडे. ओसरीवर चहा झाला. भागवत उभाच होता, त्याला त्यांनी बाजूला बसवून घेतलं.

"पयल्या मिस्त्रीनं काय केलं?"

"डिस्ट्रिब्युटर खोलला, प्लाटिनवर पॉलिश पेपर मारला. सुरू झाली."

"दुसऱ्यानं?"

"कॉइल बदलली. त्यानंही पेपर मारलाच म्हणा."

"तिसऱ्यानं?"

"कार्ब्युरेटर." भागवत थांबला. "जाता जाता पेपर त्यानंही मारला."

"मंग तिघायच्या कामानं सुरू नाही झाली," देवमन म्हणाले. "पेपरानं सुरू झाली. किती दूर गेली दर खेपी?"

भागवतने हिशेब लावला. एकदा आठ किलोमीटर, एकदा अकरा, एकदा घाटावर सातच.

"किलोमीटर सोड. किती वेळ?"

याचा विचार भागवतने केला नव्हता. वैजयंती म्हणाली, "पाव तास. दर वेळी पाव तासच. आईंची सुपारी कातरून होते तेवढा."

देवमन उठले. प्लाटिन म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या डब्यातले दोन छोटे टिकलीसारखे तुकडे. ते एकमेकांना टेकतात आणि सुटतात, त्या सुटण्यातून ठिणगीला जोर मिळतो. त्यांच्यावर काही बसलं की ठिणगी मेली. तिघांनीही ते घासलं आणि गाडी चालवली, पण ते पुन्हा पुन्हा घाण का होतं, हे कोणी विचारलं नव्हतं. देवमननी डबा उघडला, प्लाटिन पुसून काढलं, पोस्टकार्डाचा तुकडा मधे घालून दोघांतलं अंतर पाहिलं आणि भागवतला गाडी सुरू करायला लावली. सुरू झाली. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून बॉनेटच्या कडेवर ठेवलं आणि अंगणातल्याच एका पालथ्या डब्यावर बसले.

"आता?" भागवत म्हणाला.

"आता काही नाही. तिले रुसू दे."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. अंगणात धूर, कोंबड्या पळालेल्या, भागवत येरझाऱ्या घालतोय. तो दोनदा म्हणाला की रस्त्यावर नेऊन पाहू, आणि दोन्ही वेळा देवमन आपला डावा कान सोडून उजवा कान त्याच्याकडे करून बसले. चौदाव्या मिनिटाला गाडी चूप झाली. खोकली नाही, अडखळली नाही. नुसती थांबली.

देवमननी लगेच झाकण काढलं. त्यांनी पोस्टकार्डाचा कोरा तुकडा प्लाटिनच्या मधून ओढून काढला, उजेडात धरला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग नाकाजवळ नेला. मग तो वैजयंतीच्या हातात दिला.

कार्डावर पिवळा, चिकट डाग होता. हळदीचा पिवळा. वैजयंतीने वास घेतला. ते तूप होतं. नुसतं तूप नव्हे, त्यांच्याच घरचं. कढवताना विड्याचं पान टाकतात, त्याचा वास तापल्यावरही जात नाही.

घरात बैल होते तोवर पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांची खांदशेकणी व्हायची. तूप-हळद चोळून पळसाच्या पानाने खांदे शेकायचे आणि उद्या जेवायला या म्हणून आवतन द्यायचं. शेवटची जोडी विकल्यावर शालिग्राम तो मान गाडीला देऊ लागले. आधी गमतीने, मग गंभीरपणे. बॉनेट उघडायचे, ठिणगीचा डबा उघडायचे, आत बोटाने काहीतरी लावायचे आणि गाडीला जेवणाचं आवतन द्यायचे. रंगूबाई बाजूला ताट घेऊन उभ्या असायच्या. ते गेल्यावर पहिल्या वर्षी सुतकाचा पोळा, काही केलं नाही. यंदा मात्र भागवत शेतात असताना रंगूबाईंनी काठी टेकत टेकत, एकटीने, नवऱ्याने केलं तसं सगळं केलं होतं. वैजयंतीने स्वयंपाकघरातून पाहिलं होतं आणि त्यात काही वावगं तिला वाटलं नव्हतं.

देवमननी डब्यातला वरचा भाग उचलला. खाली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक छोटी गुंडी असते, तिला वर्षातून एकदा किंचित वंगण द्यायचं असतं. ती गुंडी तुपाने भिजून फुगली होती. थंड असताना तूप थिजलेलं, प्लाटिन कोरडं, गाडी सुरू. इंजिन तापलं की तूप पातळ होऊन उडायचं, पाव तासात प्लाटिनवर बसायचं आणि जळून चिकटायचं. तिन्ही मिस्त्री दर वेळी डाग पुसून गेले. तूप आत तसंच राहिलं.

"सापडलं का?" भागवत पायरीवरून म्हणाला.

"सापडलं."

"काय निंगालं?"

वैजयंतीने देवमनकडे पाहिलं. तिला एवढंच हवं होतं, की त्यांनी काहीतरी दुसरं सांगावं. वायर होती म्हणावं, कचरा होता म्हणावं. सासूबाईंना हे कळलं तर त्या स्वतःला माफ करणार नाहीत, आणि भागवत तर घर डोक्यावर घेईल. पण चाळीस वर्षांत या माणसाने बिघाड लपवलेला कोणी पाहिला नव्हता.

"पयले मालकाले दाखवतो," देवमन म्हणाले.

"मालक मीच नं काका."

"आरसीवर कोनाचं नाव हाये?"

देवमन तो कार्डाचा तुकडा घेऊन ओसरीवर गेले आणि रंगूबाईंच्या समोर, खालच्या पायरीवर बसले. वैजयंती दाराशी उभी राहिली.

"वयनी, हे पाहा."

रंगूबाईंनी वास घेतला. "हे तर माह्या घरचं तूप होय." मग त्यांनी अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. "म्हंजे मीच बंद पाडली का रे तिले, देवमन?"

"बंद नाही पाडली. जास्त जेवू घातलं."

त्या हसल्या नाहीत. "ह्यायनं लावलेलं चालत होतं. मी लावलं तं काहून नाही चाललं?"

"ते ग्रीस लावत होते, वयनी. काडीच्या टोकावर येईल इतकंच. मीच सांगतलं होतं त्यायले. शालिकभाऊ दरसाल विसरत होते. मंग मी म्हटलं, खांदशेकणीच्या दिवशी लावत जा, म्हंजे याद राहील." देवमननी चष्मा काढून पुसला. "तुमाले लांबून बोट दिसलं, डबी दिसली नाही. तुमचं चुकलं नाही. माहं चुकलं."

"तुहं कसं?"

"सदतीस वर्सं तुमी या गाडीत बसून राह्यल्या. मी निरा चालवणाऱ्याले शिकवलं. तुमाले सांगाव असं मले कवाच वाटलं नाही."

रंगूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुह्या तोंडाले तवा काय झालं होतं? आमच्या ओसरीवर येवढा चहा पेला, त्यात दोन सबद मले सांगता आले नाही?"

"नाही सुचलं."

"आता सांग."

देवमन उठले आणि त्यांनी हात पुढे केला. रंगूबाई एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात त्यांचं मनगट धरून पायऱ्या उतरल्या. वैजयंतीने जवळ स्टूल आणून ठेवलं, पण त्या बसल्या नाहीत. देवमननी त्यांच्यासमोर नमद्याची गुंडी काढली, पेट्रोलमध्ये तीनदा धुतली, पिळली, उन्हात सुकवली. सगळा डबा आतून पुसून घेतला. मग पिशवीतून ग्रीसची डबी काढून आगकाडीसह त्यांच्या हातात दिली.

"तांदळाच्या दाण्याएवढं घ्या."

रंगूबाईंनी घेतलं. "येवढं?"

"हे दोन दाणे झाले. अर्धं पुसा."

"लय कंजूस हायेस रे तू."

"मशीन कंजूसच असते, वयनी. जास्त घेत नाही. हं, इथं. बस. तूप बाहीरून लावत जा, चाकाले लावा, दिव्यायच्या वर लावा, तिथं किती बी लावा. अंदर हे."

भागवत आता जवळ आला होता. त्याने कार्ड पाहिलं, सासू-सुनेच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि त्याला उमगलं. "तूप?" तो म्हणाला. "तीन मिस्त्री आले, नवी बॅटरी आली, मी तीनदा ट्रॅक्टर घेऊन गेलो, आन अंदर तूप?"

"मी लावलं होतं," रंगूबाई काडी पुसत म्हणाल्या. "बोल, काय बोलतं."

वैजयंतीला वाटलं, आता भांडण होणार. भागवतने आईकडे पाहिलं. तिच्या बोटाला काळं ग्रीस लागलं होतं आणि ते ती पदराला न लावता काळजीपूर्वक लांब धरून होती. तो मागच्या चाकाकडे गेला आणि हवा दाबून पाहू लागला.

रविवारी सकाळी आठला निघाले. रंगूबाई मागे पाय लांब करून, पुढच्या सीटवर भागवत, वैजयंती आणि खिडकीशी देवमन मिस्त्री. त्यांना या म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. ते पहिल्या बसने येऊन दारात उभे होते.

पहिला पाव तास रंगूबाई सुपारी कातरत होत्या, आणि त्या अडकित्त्याच्या आवाजाकडेच सगळ्यांचे कान होते. सुपारी कातरून झाली. गाडी चालत होती. पहिल्यांदा गाडी जिथे बंद पडली होती ती बाभळ गेली, मालेगाव गेलं. भागवतने एकदा देवमनकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते.

"काका, झोपले का?"

"जागा हावो. तू पुढं पाह्य."

शेलूबाजारला भागवतने स्वतःहून गाडी थांबवली. ती बंद केली, पाच मिनिटं थांबला आणि पुन्हा किल्ली फिरवली. एका झटक्यात सुरू झाली. "नाही, निरं पाहून राह्यलो," तो कोणी न विचारता म्हणाला.

साडेदहाला कामरगाव आलं. दुर्गाबाईची खाट दाराशी ओढून ठेवली होती. रंगूबाई तिच्या उशाशी बसल्या आणि वेणी सोडायच्या आधीच त्यांनी तूप-प्रकरण सांगायला घेतलं. आपली चूक त्या इतक्या रंगवून सांगत होत्या, की दुर्गाबाईला हसता हसता ठसका लागला. "इंजनाले विड्याच्या पानाचं तूप," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आमाले तं कवा येवढं वाढलं नाही बयनं."

वैजयंतीला आदल्या दिवशीची आपली भीती आठवली. खोटं सांगून सासूबाईंना जपावं असं तिला वाटलं होतं. देवमननी त्यांना खरं सांगितलं आणि वर ग्रीसची डबी हातात दिली. घरात या गाडीतलं काही कळणारी आता रंगूबाई ही एकटीच बाई होती, आणि ते त्यांना चांगलंच ठाऊक होतं. परत निघताना त्या भागवतला म्हणाल्या, "दोन महिन्यानं पेट्रोल टाकीतला कचरा पाह्य. देवमन म्हणत होता." देवमन असं काही म्हणाले नव्हते, पण त्यांनी मान डोलावली.

भागवतने कामरगावच्या अंगणातूनच ढाबेवाल्याला फोन लावला. गाडी द्यायची नाही म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण तो म्हणाला, "नाही भौ, चालती हाये ती."

संध्याकाळी पाचला गाडी जऊळक्याला पोचली. देवमननी बॉनेट उघडून एकदा आत नजर टाकली, नवा पोस्टकार्डाचा तुकडा प्लाटिनमधून ओढला, तो कोरा निघाला तसा वैजयंतीला दाखवला आणि चहासाठी ओसरीवर जाऊन बसले.

तेव्हापासून ती गाडी दर महिन्याला कामरगावला जाऊन येते. देवमन मिस्त्री आता बहात्तर वर्षांचे आहेत. नव्या गाड्या ते घेत नाहीत, महिन्याला चार-पाच जुन्या गाड्या येतात, तेवढं काम त्यांना पुरतं. मुलगी धम्मदीपा वाशीमच्या दवाखान्यात परिचारिका आहे. दर मंगळवारी दुकान बंद ठेवून ते तिच्याकडे जेवायला जातात.